दारातलं घंगाळ

वास्तुशांतीला आलेल्या मंडळींना शाल्मली दारातलं पितळी घंगाळ कौतुकानं दाखवत होती. पाण्यावर गुलाबपाकळ्या तरंगत होत्या, डेकोरेटरचीच कल्पना.

तेवढ्यात गावाहून मामा आले. "शहरात राहूनही रीत सोडली नाहीस, पोरी!" म्हणत त्यांनी वहाणा काढल्या आणि तांब्या कुठे दिसेना म्हणून पाय थेट घंगाळातच बुडवले.

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाहुण्यांनी टाळ्याच वाजवल्या. "किती ऑथेंटिक!" म्हणत सगळे बूट काढून, मोबाइल सरसावून रांगेत उभे राहिले.

मामांनी पाय पुसायला पंचा मागितला. घरातला एकुलता एक पंचा भिंतीवर होता, काचेच्या फ्रेममध्ये.

"गेलेल्या माणसाच्या फोटोसारखा टांगलास कशाला?" मामा म्हणाले. "काढ खाली. मागे लोक खोळंबलेत."