काढून टाकलेला आवाज

मालिकेत सासऱ्याचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाच्या वाक्यांमागे कसलीशी फुसफुस येत होती. निर्माता स्वतः मिक्सिंगच्या खोलीत येऊन कानताईच्या खुर्चीमागे उभा राहिला. मालिकेचा आवाज तीच साफ करायची, म्हणून तिला सगळे याच नावानं हाक मारत.

"नीट ऐक. आजोबांना हल्ली वाक्यं आठवत नाहीत म्हणे. कुणी मागून सांगत असेल, तर पुढच्याच आठवड्यात सासऱ्याला हार्ट अटॅक देऊन मोकळा होतो," एवढं बोलून तो चहाला गेला.

तिनं आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर लावलं. फुसफुस गेली. मग सवयीप्रमाणे तिनं 'काढलं तेवढंच ऐकव' हे बटण दाबलं. कचऱ्याबरोबर बोलण्याचाही लचका तुटला नाही ना, हे ती नेहमी असंच तपासायची.

कचऱ्यात एक कुजबुज होती. सासऱ्याच्या प्रत्येक वाक्याआधी तेच वाक्य, हळू, मायेनं, जराही घाई न करता. पडद्यावर त्याच्यासमोर, कॅमेऱ्याकडे पाठ करून, एकच बाई उभी होती. त्याला घराबाहेर काढायला निघालेली, प्रेक्षकांच्या घराघरात शिव्या खाणारी मालिकेतली सून.

निर्माता परत आला. "काय होतं गं?"

"पंखा. काढला."

तो गेल्यावर तिनं सुनेचं काम करणाऱ्या नटीला मेसेज केला. "उद्यापासून त्यांच्या डाव्या कानाशी सांगत जा. माइक उजवीकडे लावायला सांगते. त्यातूनही उरलंसुरलं मी पुसते."