चौऱ्याऐंशी दाखले

नळीतलं पाणी तिसऱ्यांदाही पिवळं झालं. दिव्यानीनं नळी उन्हाकडे धरून पाहिली, पांढऱ्या कागदावर टेकवून पाहिली. पिवळं ते पिवळंच! औषध टाकल्यावर पाणी गुलाबी राहिलं तर पिण्याजोगं, पिवळं पडलं तर फ्लोराईडचं, हाडं-दात खाणारं. एवढं तर तिचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही सांगतील.

आणि हा हातपंप होता हिरवा. ग्रामपंचायतीनं रंगवून वर ठसठशीत लिहिलं होतं, ‘पिण्यास योग्य’. पलीकडे पिंपळाखाली दुसरा पंप होता, लाल, ढोरांसाठी राखलेला. त्याचं पाणी तिनं आधीच तपासलं होतं. ते छान गुलाबी राहिलं होतं.

रंग पंचायतीचा, पण शब्द दिव्यानीचा. अकरा वर्षांपूर्वी, कॉलेजात नुकतीच लागलेली असताना, तिनं सावली तालुक्यातल्या चाळीस गावांचं पाणी तपासून पेपर लिहिला होता. तो पेपर असा चालला की विचारू नका. चौऱ्याऐंशी सायटेशन! म्हणजे चौऱ्याऐंशी संशोधकांनी आपापल्या लेखात तिच्या पेपरचा दाखला दिला. तिच्या विभागात एवढे दाखले दुसऱ्या कोणाचे नव्हते, आणि त्याच जोरावर परवा तिची प्रोफेसरपदाची मुलाखत होती. मुलाखतीच्या फाईलसाठी तिनं जुनी वही बाहेर काढली आणि छापलेल्या तक्त्याशी ताडून पाहिली. या गावच्या दोन बाटल्या, सात नंबर आणि आठ नंबर. वहीत सात म्हणजे पिंपळाखालचा पंप. छापलेल्या तक्त्यात सात म्हणजे हा.

दिल्लीच्या माणसानं तो तक्ता उचलला, चेन्नईच्या बाईनं उचलला, ब्राझीलच्या कोणीतरी उचलला. पुढच्यांनी तर तक्ताही पाहिला नसेल, आधीच्यांचे लेख पाहून नाव टाकलं असेल. इथं पंपाचं हँडल मारायला कोण येतंय? तीही कुठे आली होती पुन्हा!

“झाली का मॅडम तपासणी? मले घागर भराची हाये.”

मनकर्णाबाई मघापासून ताटकळत उभ्या होत्या. बाई चाळिशीच्या, पण गुडघ्यावर हात दिल्याशिवाय त्यांना खाली वाकता येत नव्हतं. “पाणी तं चांगलंच हाये ना? तुमचाच कागद हाये ना पंचायतीत. काच लावून टांगला हाये.”

खरं सांगायचं तर दिव्यानीच्या मनात आलं, वही फाडली की विषय संपला. परवाची मुलाखत होऊ द्यावी, मग गुपचूप रंग बदलून घ्यावा. पेपर मागे घ्यायचा म्हणजे दाखले जाणार, पद जाणार, लोक तोंडावर हसणार. अकरा वर्षं प्यायले, आणखी दोन दिवसांनी काय बिघडतं? असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

मनकर्णाबाईंनी घागर पंपाखाली ठेवली, हँडलला हात घातला. दिव्यानीनं झटकन वरून त्यांचा हात धरला.

“नका भरू, काकू.” ती सावलीचीच, घरची बोली आपसूक तोंडात आली. “हे पाणी खराब हाये. ते लालवालं चांगलं. बाटल्यायची अदलाबदल झाली. मीच केली. माही चूक हाये.”

बाई हसल्या. “काऊन मजाक करता मॅडम? एवढ्या मोठ्या मोठ्या लोकायनं मानलं म्हणे ते.”

“मानलं, काकू. पाह्यलं कोणीच नाई.”

बाईंचं हसू विरलं. त्यांनी लाल पंपाकडे पाहिलं. तिथल्या टाक्यात दोन बैल तोंड घालून सावकाश पाणी पीत होते.

“मंग हे गुडघे?”

“याच पाण्यानं.”

आता बाई शिव्या देतील, घागर फेकून मारतील, असं दिव्यानीला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई मात्र पंपाच्या ओट्यावर हळूहळू टेकल्या.

“दात बी होते का याच्यानं खराब? डागाडागाचे, काळेपिवळे?”

“होते. लहानपणापासून प्यालं का होतेच.”

“घासून जाईन?”

“नाई जात.”

बाई जमिनीकडे पाहत बोलू लागल्या. “माही रंजीता आठवीत हाये. मास्तरनं वर्गात उभं केलं तिले. म्हणे पोरगी तंबाकूचा खर्रा खाते, दात पाहा. मी बी जळतं लाकूड घेऊन हाणलं, मॅडम. दोनदा. ते रडू रडू सांगे, माय, तुही शपथ, मी नाई खात. मी म्हणो, दात काय खोटं बोलते?” त्यांनी पदरानं तोंड दाबलं. “शाळेत जात नाई आता. तोंडावर हात ठेवूनच बोलते.”

माफी मागावी तर कोणत्या तोंडानं मागावी, हे दिव्यानीला कळेना.

मनकर्णाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दिव्यानीच्या पिशवीतून डोकावणारी वही त्यांनी स्वतःच ओढून काढली आणि तिच्या हातात दिली.

“लिहा, मॅडम. माह्या पोरीनं खर्रा खाल्ला नाई, ते खरं बोलत होती. खाली सही करा. तुमचं लिहिलेलं लोकं मानते.”