समुद्राकडची खोली

“खालची खोली आईची अन् तुयी. वरची माही अन् गुंजनची,” नरेश म्हणाला आणि त्यानं मोबाइल बायकोपुढे, दुर्गापुढे धरला.

ओडिशातल्या गोपाळपूरचा एक लॉज होता. वरच्या खोलीत पांढऱ्या चादरी, मोठी खिडकी आणि खिडकीभर समुद्र. नरेशनं बोटानं फोटो सरकवला. खालच्या खोलीच्या खिडकीतून मागची भिंत दिसत होती. पण खोली तळमजल्यावर होती, संडास इंग्लिश होता आणि बाथरूममध्ये धरायला दांडी होती. सासूबाईंसाठी या तीन गोष्टी हव्याच होत्या. त्या मिळाव्यात म्हणून दुर्गानंच आठवडाभर लॉजवाल्यांना फोन केले होते.

“पापा, मम्मी ने कभी समंदर देखा ही नहीं,” गुंजन म्हणाली. “तिले राहू द्या ना वर. मी झोपतो आजीपाशी.”

“तुले उचलणं जमते का आजीले? एक डाव पडली म्हणजे?” नरेश म्हणाला. “अन् दिवसा पाहील ना ते. समुद्र काय पळून जाते?”

दुर्गानं चहाचा कप उचलला. भिलाईहून कारनं निघायचं, गोपाळपूरला दोन रात्री राहायचं, मग किनाऱ्याच्या रस्त्यानं पुरीला जाऊन तिथं दोन रात्री. चारही रात्री ती कुठं झोपणार हे तिला माहीत होतं.

सात वर्षांपूर्वी सासूबाई, सिंधुताई, अंगणात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली. तेव्हापासून रात्रीतून तीनदा त्यांना उठवून बाथरूमला न्यावं लागे. नरेश स्टील प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. शिफ्टची नोकरी, झोप मोडून चालणार नाही, म्हणून तो वेगळ्या खोलीत गेला आणि दुर्गाची खाट सासूच्या पलंगाला लागली. सिंधुताई बांगडीनं पलंगाच्या लोखंडावर टक्‌ करत आणि दुसरी टक्‌ व्हायच्या आत दुर्गा उभी असे. सात वर्षांत तिनं वैशाली नगरातल्या या घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नातून ती संध्याकाळच्या गाडीनं भंडाऱ्याहून परत आली होती.

या सहलीलाही ती जाणार नव्हती. “दुर्गा आईपाशी राहीन,” असं नरेशनं आधीच ठरवलं होतं. पण सिंधुताई हटून बसल्या. “मलेबी न्या. जगन्नाथ पाहिल्याबिगर मी मरत नाही.” आई येणार म्हणून मग दुर्गाही येणार. गाव बदलणार होतं, खाट नाही.

“मी नाही झोपत हिच्यासंग.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. सिंधुताई वॉकर धरून दारात उभ्या होत्या.

“काय झालं, आई?” नरेशनं विचारलं.

“हात लय जड आहे हिचा. उठवते तं दंड दुखते माहा. अन् झोपली म्हणजे मेल्यावानी झोपते. दहा हाका मारा लागते. परक्या गावात मी कोणाले हाका मारू? मले नरेश पाहिजे. चारही राती.”

दुर्गाच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“मी दिवसभर गाडी चालवीन, आई. थकून राहीन मी.”

“गुंजनले भेटलं ना लायसन? ते चालवीन.”

“दादी, मम्मी तो एक आवाज में...” गुंजन बोलायला लागली.

“तू चूप राह्य!” सिंधुताईंनी वॉकर फरशीवर आपटला. “नरेश, माह्या पोटचा पोरगा ना तू? का तुलेबी जड झाली मी?”

नरेशचा चेहरा उतरला. आईपुढे त्याचं कधी चालत नसे. त्यानं लॉजवाल्याला फोन लावला आणि खालच्या खोलीत स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. मग सेकंड शिफ्टची वेळ झाली म्हणून डबा घेऊन धुसफुसत निघून गेला. गुंजनही आजीकडे न बघता वर गच्चीवर गेली.

दुर्गा स्वयंपाकघरात उभी राहिली. वरची खोली तिला मिळाली होती, पण तिकडे तिचं मनच जाईना. या घरात निदान एका माणसाला आपले कष्ट ठाऊक आहेत, या समजुतीवर तिनं सात वर्षं काढली होती. आज तीही गेली. तिनं डोळे पुसले, वरण-भात वाढला आणि ताट घेऊन सासूच्या खोलीत गेली.

सिंधुताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

“आई,” दुर्गा म्हणाली. “माझं काय चुकलं ते तरी सांगा. एका हाकेत उठली नाही, असं कधी झालं?”

“नाही झालं.”

“मग सगळ्यांपुढे असं काहून बोलल्या?”

सिंधुताई वळल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी दुर्गाचं मनगट धरून तिला जवळ बसवलं.

“मले कोठचा जगन्नाथ, बाई. देवळाच्या पायऱ्या चढणं होते का मले? पण मी घरी राहिली असती, तं तुलेबी इथंच ठेवलं असतं त्यानं.” बाहेर गुंजन जिन्यावरून उतरत होती. सिंधुताईंनी आवाज खाली आणला.

“अन् चार राती सुनेले सुखानं झोपू दे, असं सरळ म्हटलं असतं मी, तं ऐकलं असतं का त्यानं?”