सहा ते सात

"सकाळी सहा ते सात या वेळात मी कुणाचीच नसते," मानसी माईकवर म्हणाली. "फोन बंद, ऑफिस बंद. तो तास फक्त आदित्यचा. त्याचा डबा मी स्वतःच्या हाताने करते."

टाळ्या पडल्या. शनिवारची पालकसभा होती आणि विषय होता, धंदा सांभाळून मुलांना वेळ कसा द्यावा. मानसी मूळची पुण्याची. हैदराबादेत घरं सजवून देणारी तिची कंपनी होती, हाताखाली बारा माणसं.

तिसऱ्या रांगेत त्रिवेणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या नखांत सकाळची कणीक होती.

चहाच्या वेळी मानसीच तिच्यापाशी आली. "तुम्ही रेवाच्या आई ना? आदित्य सारखा तिचं नाव घेत असतो. काय करता तुम्ही?"

"डब्यांचं काम आहे. नल्लकुंट्यात छोटंसं किचन आहे."

"अच्छा," मानसी म्हणाली. तिने घड्याळाकडे पाहिलं, कप ठेवला आणि दुसऱ्या पालकांकडे वळली.

एवढं तोंड फिरवण्यासारखं काय होतं त्यात, त्रिवेणीला कळलं नाही. घरी जाताना बसमध्ये तोच 'अच्छा' तिच्या कानात वाजत राहिला.

त्रिवेणीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. घराखालच्या भाड्याच्या खोलीत ती आणि मदतीला येणारी गंगू साठ डबे करत. नावांचा घोळ नको म्हणून प्रत्येक डब्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशने नंबर घातलेला. सात वाजता डबे पोचवणाऱ्या यादगिरीचा ऑटो भरून निघे. मग धावत वर जाऊन रेवाला उठवायचं, वेणी घालायची, बस गाठायची. रेवाच्या डब्यात ब्रेड-जॅम.

"घरात एवढ्या पोळ्या असतात," त्या संध्याकाळी त्रिवेणी म्हणाली, "तर तुला ब्रेडच कशाला लागतो गं? आपली पोळी-भाजी नेत जा."

"त्या नक्को."

"का?"

"त्या धंद्याच्या आहेत." रेवा दुसरीत होती आणि जे वाटेल ते बोलत असे. "आदित्यची मम्मी घरी करते. कळतं खाल्ल्यावर. तो रोज मला अर्धं देतो."

"रोज?"

"हौ. तू कधी करशील तसं? फक्त माझ्यासाठी?"

त्रिवेणी तिची वेणी सोडू लागली. आपली पोर रोज दुपारी दुसऱ्या बाईच्या हातचं खाते, आणि घरी येऊन तिचे गुण गाते. पोळपाट-लाटण्यावर त्रिवेणीचे स्वतःचे दोन्ही खांदे गेले होते.

वेळ काढायचा तर कुठून? तिने मनातल्या मनात पहाट पुन्हा पुन्हा उलगडली, आणि दर वेळी ती एकाच जागी अडली. सत्तावीस नंबर.

सत्तावीस नंबर बरकतपुऱ्यातल्या एका इमारतीत जाई. माणूस कधी पाहिला नव्हता. मेसेजवर ऑर्डर आली होती: पोळ्या लहान आणि अगदी मऊ, तिखट नको, लसूण नको, साडेसातच्या आत. नाव विचारलं तर उत्तर आलं, "वॉचमनकडे द्या."

"दात नसलेलं म्हातारं असणार कुणी," गंगूने तेव्हाच सांगितलं होतं. "पोरं अमेरिकेत."

तेव्हापासून दोघी त्यांना आजोबा म्हणत. आजोबांची कणीक त्रिवेणी वेगळी, दुधात भिजवी. शेवटच्या पोळीला तूप-साखर लावून सुरळी करी. ती कुणी मागितली नव्हती. एकट्या माणसाला गोड खावंसं वाटत असेल, एवढंच. एका डब्याला वीस मिनिटं जात.

रविवारी तिने मेसेज टाकला: उद्यापासून सत्तावीस नंबर बंद. माफ करा.

उत्तर लगेच आलं. "प्लीज, असं करू नका. माझी सकाळी फार अडचण होते. निदान हा आठवडा."

तिने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला आणि दुसऱ्या एका किचनचा नंबर पाठवून दिला.

"आजोबा आज उपाशी," सोमवारी पहाटे गंगू म्हणाली.

"माझी पोर काय कमी उपाशी आहे?"

"मी कुठं काय म्हणाले, अक्का?"

त्रिवेणीने दुधात कणीक भिजवली. लहान लहान पोळ्या लाटल्या, तुपाचा हात फिरवला. हाताला सवय होती म्हणून शेवटी सुरळीही झाली. फळीवर सत्तावीसचा डबा रिकामा पडला होता. तोच धुऊन तिने भरला. रेवाला उठवून तिच्या हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता.

"ब्रेड?"

"उघड शाळेत. फक्त तुझ्यासाठी आहे."

दिवसभर तिचं लक्ष घड्याळावर होतं. साडेतीनला बस आली. रेवा उतरली ती डोळे सुजवूनच.

"काय झालं? आवडला नाही?"

"एकच घास खाल्ला." रेवाने दप्तर खाली टाकलं. "आदित्यने आज ब्रेड आणलेला. माझा डबा बघून तो रडायलाच लागला. म्हणाला मी त्याचा डबा चोरला."

"चोरला? तू सांगितलं नाहीस, आईने केलाय म्हणून?"

"सांगितलं. टीचरलापण सांगितलं. मग त्याने डबा बंद करून उलटा केला आणि टीचरला दाखवला. म्हणाला, माझी मम्मी रोज ज्या डब्यात देते ना, त्याच्या खाली लाल सत्तावीस असतो."