लांब आमेन

“मास्तर, उद्यापासून मी गायला उभी राहणार नाही,” असं म्हणून धाकटीनं आपलं गीतपुस्तक पियानोवर ठेवून दिलं.

चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारची तालीम सुरू व्हायची होती. गायनमास्तर पियानोखाली वाकून करकरणाऱ्या पेडलला तेल घालत होते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. तेलाची कुपी कायम खिशात. तिथूनच त्यांनी विचारलं, “का गं? गुडघे?”

“गुडघे धड आहेत. थोरली गेल्यापासून मनच धड नाही.”

थोरली म्हणजे तिची बहीण. तीस वर्षं दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहून खालच्या पट्टीत गायल्या, म्हणून चौसष्टाव्या वर्षीही ही सगळ्या मंडळीची धाकटीच. तीन महिने झाले, तिच्या डाव्या हाताची जागा मोकळी होती.

“घरी बसून वाचीन, घरीच प्रार्थना करीन,” ती म्हणाली. “त्याला चार माणसं कशाला लागतात?”

“होते का घरी प्रार्थना?”

धाकटी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. “नाही होत. दोन ओळींच्या पुढे जात नाही. म्हणून तर म्हणते. आत काही नाही आणि वरवर आमेन म्हणायचं, ही देवाची फसवणूक झाली.”

मास्तरांनी हात पुसले. वाद घालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बंद पडलेल्या घड्याळाशी कोण वाद घालतो? “उद्याचं उद्या बघू,” ते म्हणाले. “आज सातच माणसं आलीत. तेवढं आजचं गा.”

मग त्यांनी पाववालीला वरच्या सुरातून काढून धाकटीच्या शेजारी उभं केलं. पाववाली पहाटे तीनपासून भट्टीपाशी असायची आणि तिथं ओरडून बोलायची सवय तिनं चर्चमध्येही आणली होती.

“सरक गं जरा. तुझी बहीण काडी होती, मी पोतं आहे.”

धाकटी न हसता सरकली.

स्तोत्र नीट झालं. अडलं ते शेवटच्या आमेनवर. असं आमेन आता कुणी फारसं गात नाही. सगळ्यांनी मिळून एकच सूर तब्बल चोवीस मात्रा धरायचा. एका माणसाची छाती तेवढी पुरत नाही. म्हणून मध्येच हळूच श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरात शिरायचं. अट एकच : शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. बहिणींना त्यासाठी एकमेकींकडे बघावंही लागत नसे.

धाकटीनं सवयीनं दहाव्या मात्रेला श्वास घेतला. पाववालीनंही नेमका तिथंच घेतला.

“भोक पडलं,” मास्तर म्हणाले. “पुन्हा.”

पुन्हा तिथंच पडलं.

“अगं, तू कधी घेतेस ते सांग तरी,” पाववाली वैतागली.

“आजवर कुणाला सांगायची वेळ आली नव्हती,” धाकटी म्हणाली.

तिसऱ्या वेळी तिच्या तोंडून आवाजच फुटेना. तिनं ओठ मिटले. आता खालचा सूर तुटणार, मास्तर हात खाली घेणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

सूर तुटला नाही.

तीस वर्षांत हे आमेन तिनं बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. मागच्या रांगेतला पोस्टमन मध्येच गप्प झाला. त्याच्या बाजूच्या सुतारानं आवाज किंचित वाढवला. घरात कुणी झोपलं असावं तसा पोस्टमन हलकेच परत आला, तेव्हा सुतार थांबला. मग नर्सबाई थांबल्या. धाकटी एकेकाकडे बघत राहिली. त्या खोलीत अख्खं आमेन म्हणणारं एकही माणूस नव्हतं, आणि आमेन मात्र अखंड चाललं होतं.

पाववालीचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. धाकटी गप्प आहे म्हणून तिनं श्वासच घेतला नव्हता. तिनं डोळे मोठे करून शेजारी पाहिलं.

धाकटीनं तोंड उघडलं. सूर बारीक लागला, पण लागला. पाववालीनं मोठ्ठा श्वास घेतला.

मास्तरांनी हात खाली केले. “हं. आता बरोबर.”

“काय बरोबर? मी अर्धा वेळ गप्प होते, मास्तर.”

“ऐकलं मी.” मग एरवी स्वतःबद्दल कधी न बोलणारा तो माणूस म्हणाला, “आमचं पोर गेलं ना, त्यानंतर सबंध वर्ष मी इथं नुसते हात हलवले. आत काहीही नव्हतं. रागसुद्धा नव्हता. तुम्ही दोघी बहिणी समोर उभ्या राहून गायचात, आणि मी बघत राहायचो.”

पोर गेल्याचं सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, पण हे धाकटीला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नसावं. पोस्टमननं उगाच चष्मा काढून पुसला.

“मग परत कधी आलं?” तिनं विचारलं.

“दिवस काही आठवत नाही,” मास्तर म्हणाले. “एका रविवारी लक्षात आलं, मीही गातोय.”

पाववाली अजून धापा टाकत होती. “तुमचं सगळं खरं,” ती म्हणाली, “पण मगाशी मी मेलेच होते की! आता आधीच ठरवा बाई काय ते.”

मास्तरांनी हात वर केले. धाकटी पाववालीच्या आणखी जवळ सरकली, खांद्याला खांदा लागेल इतकी.

“आधी तू घे,” ती म्हणाली. “तोवर मी धरते.”