एकही लाल नाही

"पुन्हा हिरवा!" हरणाबाई ओरडल्या.

खव्याचं आणखी एक पाकीट कॅमेऱ्याखालून सरकलं. पडद्यावर सीलभोवती हिरवी चौकट उमटली. ईट गावच्या खवा कारखान्यात सकाळपासून हेच चाललं होतं आणि एकही चौकट लाल झाली नव्हती.

शाहीन पडद्यासमोरून हलत नव्हती. कॅमेरा तिनंच बसवला होता. सीलमध्ये खव्याचा बारीक कण अडकला तरी ओळखायचा, हे त्याला तिनंच शिकवलं होतं. काल रात्री चांगल्या पाकिटांची चित्रफीत लावून तिनं त्याची चाचणीही घेतली होती. कण अडकला की तिथून हवा शिरते आणि आतला खवा नासतो. मागच्या खेपेला तसंच झालं होतं. हैदराबादला तीन पोरांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यानंतर मालक धनाजीरावांनी सील करायचं यंत्रही नवं आणलं आणि कॅमेराही.

"दिव्यापुढं पाकिटं धरून डोळं पार गेलं बग माझं," हरणाबाई म्हणाल्या.

"आता आराम द्या डोळ्यांना, मावशी. हा बघतोय."

"व्हय गं बाई. लई गुणाचा हाय." त्यांनी कॅमेऱ्यावरून हात ओवाळले आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

बाहेर टेम्पो भरत आला होता. धनाजीराव आत-बाहेर करत होते.

"काका," शाहीननं विचारलं, "एखादं खराब सील मुद्दाम घालून बघू का?"

"आता नगं. हैदराबादवाला सारखा फोन करतोय. एवढं झ्याक चाललंय, मधीच कशाला मोडता घालतीस?"

शाहीन हसली. तो अखंड हिरवा रंग तिलाही मोडवत नव्हता.

शेवटचं खोकं चढलं. टेम्पो फाटकातून बाहेर पडला तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या. धनाजीरावांनी सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले आणि शाहीनच्या हातावर दोन.

तिनं तिथूनच परंड्याला फोन लावला. "अब्बा, एक बी लाल नई आया! पूरा माल गया!"

पलीकडं हैदरभाई नुसते "शाबास बेटा, शाबास" म्हणत राहिले.

धनाजीरावांनी पट्टा बंद केला. "चला, जेवून घ्या समदी."

बायका हात धुवायला गेल्या. रिकामा पट्टा शांत पडला होता. ओठांवरचं हसू तसंच ठेवून शाहीन पडदा बंद करायला वळली.

पडद्यावर पाकिटं सरकत होती. हिरवं, हिरवं, हिरवं.