नीट बसलीस तर

हलगी थांबली आणि लाऊडस्पीकरनं कानठळ्या बसवणारी शीळ घातली. मंडपातल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. कुणी हसलं. मंचावरची आकांक्षा मात्र हलली नाही. दोन्ही तळहात तिनं मांड्यांखाली दाबून धरले होते. चुकून कानांवर जाऊ नयेत म्हणून.

ग्रंथपाल घुगे सरांनी तिला बजावलं होतं, "मागच्या बारीसारखा तमाशा नको. कार्यक्रमात शेवटपर्यंत नीट बसलीस, तर खोली तुझी."

ही खोली विद्यापीठाच्या हिंगोलीतल्या उपकेंद्रात, ग्रंथालयातल्या कपाटांच्या मागे होती. कालपरवापर्यंत तिथं मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. आता भिंतींना रंग लागला होता, खिडकीला जाड पडदा आला होता आणि दारावर पाटी होती : 'स्वमग्न विद्यार्थ्यांसाठी शांत कक्ष'. उपकेंद्रात अशी विद्यार्थिनी एकच. आकांक्षा.

एम.ए.साठी ती निजामकाळातल्या शाळांवर प्रबंध लिहीत होती. त्याला लागणारे जुने अहवाल घरी न्यायला मिळत नसत, तिथंच बसून वाचावे लागत. आणि मोठ्या वाचनकक्षात तिला बसवत नव्हतं. पंख्यांची घरघर, लुकलुकणारी ट्यूब, फरशीवरून ओढलेल्या खुर्च्या, सगळं एकदमच तिच्या डोक्यात घुसायचं. पोरांच्या ते ध्यानात आलं. मग ती पोरं तिच्या मागच्या बाकाखाली मोबाईलला गजर लावून ठेवू लागली. एक दिवस ती कान झाकून किंचाळली, किंचाळतच राहिली. पोरांनी व्हिडिओ काढला. लेखी समज मिळाली ती तिला.

त्यानंतर तिची आई रुक्माबाई गोरेगावहून जीपनं येऊन उपकेंद्राच्या पायऱ्या झिजवत राहिली. शेवटी कुठून तरी निधी आला, खोली झाली आणि तिचं उद्घाटनही ठरलं.

उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी मंचावर आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटो निघेपर्यंत तसाच राहू दिला. कुणी परवानगीशिवाय हात लावला की तिला चटका बसल्यासारखं व्हायचं. तिनं मनातल्या मनात अहवालातली गावं म्हणायला घेतली. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत. पुन्हा सेनगाव. मायक्रोफोन पुढं आला तेव्हा आईनं आरशापुढं शिकवलं होतं तशी ती हसली आणि म्हणाली, "आपल्या सर्वांची मी आभारी आहे." टाळ्या पडल्या. बाहेर फटाक्यांची लड लागली. पहिल्या रांगेत बसलेली रुक्माबाई पदरानं डोळे पुसत होती. लड विझली, राष्ट्रगीत झालं, मंडप रिकामा झाला, तरी आकांक्षा खुर्चीतच बसून होती. उठायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

जीपमध्ये तिला उलटी झाली. घरी आल्यावर तिनं भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. रुक्माबाईनं भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला हात घातला आणि हाताला मुंग्या आल्या तरी काढला नाही. खिडकीला गोधडी लावली. शेजारची मनकर्णा विचारायला आली, तर तिला दारातूनच लावून दिलं, "पित्त झालंय." दोन दिवस आकांक्षाच्या तोंडून शब्द फुटला नाही. भाताचा घासही पोटात ठरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, आंघोळ केली, दप्तर भरलं आणि म्हणाली, "आता खोली माझी आहे." पोरीचा चेहरा पार उतरलेला. एकटीला कसं पाठवायचं, म्हणून रुक्माबाई बरोबर निघाली.

खोलीला कुलूप होतं.

"तुला कशाला आता खोली?" घुगे सर हसून म्हणाले. त्यांनी दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. "अगं, हलगी काय, स्पीकर काय, फटाके काय! आमचेच कान बधिरले. तू हूं की चूं केलं न्हाई. संचालक साहेब सोता म्हणले, हिला तर काईच झालेलं न्हाई. कक्ष खऱ्या गरजूंसाठी राहू द्या."

"तुम्ही म्हणाला होता, नीट बसलीस तर खोली तुझी," आकांक्षा म्हणाली. ती कायम पुस्तकातल्यासारखंच बोलायची. "मी नीट बसले."

"म्हणून तर म्हणतो. येतंय की तुला नीट बसता!"

आकांक्षा आईकडं वळली. लोकांच्या चेहऱ्यावरून तिला काही उमगत नसे. पण आईचा चेहरा वाचायची गरज तिला कधी पडलीच नव्हती. आई सगळं तिला बोलून सांगायची.

"आई, घरी काय झालं ते सरांना सांग."

रुक्माबाई पुढं सरकली. तिनं तोंड उघडलंही होतं.

"आमच्या घरची मंडळी आलती त्या दिवशी," घुगे सर तिच्याकडं वळून म्हणाले. "मला इचारती, ते आजारी लेकरू कोणतं? मी म्हणलं, ते काय, मंचावर बसलंय. खरंच वाटंना तिला. म्हणती, काहून उगं नाव ठेवता पोरीला? चांगली चारचौघींसारखी तर आहे."

रुक्माबाईचं तोंड उघडंच राहिलं. येडी, खुळी, बाहेरची बाधा झालेली, मागच्या जन्मीचं पाप. पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून तिनं सगळं ऐकून घेतलं होतं. चारचौघींसारखी असं कुणी म्हणालं नव्हतं.

"आई, सांग," आकांक्षा पुन्हा म्हणाली.

रुक्माबाईनं लेकीकडं पाहिलंच नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"व्हय सर," ती म्हणाली. "बरं झालं माझं लेकरू."